सोळा कोअरच्या कामासाठी २५६ कोअरची वाट पाहावी का?

प्रश्न: मी आणि माझे मिस्टर वाळूज एमआयडीसीत सहा माणसांचं ऑफिस चालवतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ब्रॅकेट, कव्हर, माउंटिंग अशा पार्टवर येणारा ताण आणि कंपन यांचं ॲनालिसिस करून देतो. मुख्य मशीन २०२० चं आहे, सोळा कोअर, १२८ जीबी रॅम. मोठा जॉब संध्याकाळी लावला की दुसऱ्या दिवशी दुपारी संपतो. सॉल्व्हरचं लायसन्स सोळा कोअरचं आहे. डीलरनं ६४ कोअरच्या वर्कस्टेशनचं कोटेशन दिलंय, प्रत जोडली आहे. त्यासाठी कर्ज काढावं लागेल. दीर म्हणतात, थांबा, २५६ कोअरचा नवा प्रोसेसर येतोय, आत्ता घेतलेलं वर्षात जुनं होईल. सासरे म्हणतात, आता आपल्या देशाचीच चिप येणार आहे. मिस्टरांचं ठरत नाही आणि डीलर मार्चच्या आत ऑर्डर मागतोय. काय करावं? – एक वाचक, वाळूज

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: सॉल्व्हरचं लायसन्स सोळा कोअरचं आहे. म्हणजे ताणाचं गणित सोडवणारं तुमचं सॉफ्टवेअर प्रोसेसरमधले सोळाच कोअर, गणित करणारे सोळाच भाग, वापरू शकतं. डीलरच्या कोटेशनमध्ये त्याचा पत्ता नाही, दिरांच्या बोलण्यातही नाही. ६४ कोअरचं मशीन घेतलं तर त्यातले ४८ कोअर तुमच्या मुख्य कामाला हात लावणार नाहीत. उद्या २५६ कोअरचं घेतलं तर २४० बसून राहतील. लायसन्स वाढवायचं म्हटलं तर तो खर्च वर्षानुवर्षं चालू राहतो, हे तुम्ही दरवर्षी रिन्यूअलच्या वेळी बघताच.

माझं मत आधीच सांगतो. नव्या प्रोसेसरसाठी थांबू नका. पण हातात आहे त्या कोटेशनवर सहीही करू नका. कोअर कमी, पण रॅमकडे जाणारे रस्ते जास्त, असं मशीन मागवा.

दिरांची माहिती खोटी नाही. एएमडीच्या पुढच्या सर्व्हर प्रोसेसरचं नाव ‘व्हेनिस’. तो झेन ६ या रचनेचा असेल. तैवानच्या टीएसएमसीच्या २ नॅनोमीटर प्रक्रियेवर तो तयार होईल, हे कंपनीनं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं. जूनमध्ये आणखी आकडे दिले: २५६ पर्यंत कोअर, आधीच्या पिढीच्या १.७ पट काम, आणि रॅममधून सेकंदाला १.६ टेराबाइट माहिती खेचण्याची ताकद. बाजारात आणण्याचं साल २०२६. इंटेलच्या ‘क्लिअरवॉटर फॉरेस्ट’मध्ये तर २८८ पर्यंत कोअर आहेत. पण ते लहान, वीज वाचवणारे कोअर. हजारो लोकांची छोटी छोटी कामं एकाच वेळी उरकण्यासाठी बनवलेले. तुमच्या सॉल्व्हरच्या ते कामाचे नाहीत, म्हणून तो विषय इथंच सोडतो.

आता १.७ पट हा आकडा नीट उलगडून बघा. तो अख्ख्या चिपचा आहे. आधीच्या पिढीत जास्तीत जास्त १९२ कोअर होते, ते २५६ झाले, म्हणजे १.३३ पट वाढ नुसत्या संख्येतूनच आली. भागाकार केला तर एका कोअरमागे साधारण सव्वापट उरते. सव्वापट म्हणजे वाईट नाही. पण अठरा तासांचा जॉब त्यानं साडेचौदा तासांवर येईल, सकाळी ऑफिस उघडायच्या आत संपणार नाही. आणि तुम्हाला हवंय ते नेमकं तेवढंच.

शिवाय सर्व्हरचा प्रोसेसर आला म्हणजे वर्कस्टेशनचा लगेच येत नाही. एएमडीच्या आधीच्या पिढ्या बघा. झेन ३ चा सर्व्हर प्रोसेसर मार्च २०२१ मध्ये आला आणि त्याच पिढीचा वर्कस्टेशनसाठीचा थ्रेडरिपर प्रो मार्च २०२२ मध्ये. झेन ४ चा सर्व्हरसाठी नोव्हेंबर २०२२, वर्कस्टेशनसाठी नोव्हेंबर २०२३. झेन ५ चा ऑक्टोबर २०२४, आणि मग जुलै २०२५. तिन्ही वेळा नऊ महिने ते वर्षभराचं अंतर पडलं. पहिला माल मोठ्या क्लाउड कंपन्या उचलतात. तिथून तो मुंबईच्या वितरकाकडे आणि मग संभाजीनगरच्या डीलरकडे येईपर्यंत तुमच्या हातून किती पी.ओ., म्हणजे कामाच्या ऑर्डरी, जातील, याचा हिशेब मांडा. पार्टचा ताण तपासून मागणारा ग्राहक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबतो, वर्षभर नाही थांबत.

मुळात तुमचं काम अडतंय कुठं?

सोयाबीनच्या हंगामात मोंढ्यात गेला असाल तर हे डोळ्यांनी पाहिलं असेल. ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. हमाल वाढवले तरी रांग हलत नाही, कारण वजनकाटा एकच असतो. हमाल पोती खांद्यावर घेऊन काट्यापाशी उभे. तुमच्या मशीनमध्ये कोअर म्हणजे हमाल आणि रॅमचं चॅनेल म्हणजे काटा. ताण-कंपनाच्या गणितात लाखो बिंदूंची समीकरणं असतात. प्रत्येक समीकरणासाठी आकडे रॅममधून आणायचे, थोडंसं गणित करायचं आणि परत ठेवायचे. गणित पटकन होतं, वेळ जातो तो आणण्या-नेण्यात.

तुमचं २०२० चं मशीन डेस्कटॉप जातीचं दिसतंय. त्यात दोनच चॅनेल असतात. ३,२०० च्या वेगाची डीडीआर४ रॅम धरली तर सेकंदाला जास्तीत जास्त ५१ जीबी. चारही जागा भरून १२८ जीबी केलेली असेल तर वेग बहुतेक त्याहून खालीच उतरलेला असणार. सोळा कोअरना वाटून दिलं तर एकाच्या वाट्याला जेमतेम ३ जीबी येतात. एएमडीच्या आत्ताच्या, म्हणजे झेन ५ च्या सर्व्हर प्रोसेसरला बारा चॅनेल आहेत. ६,००० च्या डीडीआर५ वर ते सेकंदाला ५७६ जीबी देतात. तिथं सोळाच कोअर बसवले तर एकाला ३६ जीबी, आजच्या अकरापट. आणि येऊ घातलेल्या चिपचे १.६ टेराबाइट २५६ कोअरना वाटले तर एकाला ६ जीबीच्या आसपास. उद्या तिचीही कमी कोअरची आवृत्ती निघेल, तिच्यात वाटा मोठा असेल, हे खरंच. पण तुमची अडचण सोडवणारी वस्तू आज बाजारात आहे.

हा माझा अंदाज झाला. तो तुमच्याच ऑफिसात, एक रुपया खर्च न करता तपासता येतो. येत्या रविवारी एक मधला जॉब घ्या, दोन-तीन तासांत संपणारा. तोच जॉब चार वेळा लावा: चार कोअरवर, आठवर, बारावर आणि सोळावर. बाकी सगळे प्रोग्रॅम बंद ठेवा. प्रत्येक वेळी लागलेला वेळ कागदावर लिहा. आठवर आणि सोळावर जवळपास सारखाच वेळ लागला, तर समजा की हमाल भरपूर आहेत आणि काटा अडलाय. त्याच वेळी सॉल्व्हरची लॉग फाइल उघडून एक गोष्ट बघा: सगळं गणित रॅममध्ये मावलं, की रॅम कमी पडली म्हणून डिस्कवर लिहीत बसलं? डिस्कवर गेलं असेल तर तेवढ्यानंही काही तास वाया जातात, आणि मग नव्या मशीनमध्ये रॅम किती घ्यायची त्याचं उत्तर तुम्हाला त्याच फाइलमध्ये मिळेल.

आता कोटेशन. त्यातला थ्रेडरिपर ९९८०एक्स चांगला प्रोसेसर आहे, डीलरनं तुम्हाला टाकाऊ माल दाखवलेला नाही. चित्रं रेंडर करणाऱ्या स्टुडिओसाठी मीही तो सुचवला असता. पण त्याला चार चॅनेल आहेत आणि कोटेशनच्या तिसऱ्या, रॅमच्या ओळीत लिहिलंय: ६४ जीबी, नग २. चार काट्यांच्या मोंढ्यात दोन काट्यांना कुलूप! २०४ जीबीच्या जागी तुम्हाला १०२ मिळतील आणि ६४ कोअर त्यावर भांडतील.

ही ओळ वाचून मला २०२३ चा उन्हाळा आठवला. चिकलठाण्यातल्या एका ओळखीच्या ऑफिसात नवं मशीन आलं होतं आणि ते जुन्यापेक्षा फारसं पळत नव्हतं. मालकांनी सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, विंडोज पुन्हा टाकली, तीन महिने असेच गेले. कर्जाचा हप्ता मात्र चालू. मी गेलो आणि कॅबिनेटचं झाकण उघडलं. प्रोसेसरच्या दोन्ही बाजूंना रॅमच्या चार-चार जागा, एकूण आठ, आणि त्यात रॅमच्या दोनच स्टिक. उरलेल्या सहा जागांच्या खाचांत बारीक धूळ साचून राखाडी रेघ झाली होती. उरलेल्या सहा स्टिक मागवल्या, बसवल्या आणि तोच जॉब संध्याकाळी सहाला लावला. मध्यरात्रीच्या आधी मालकांचा फोन आला, संपला म्हणून. ते बोलताना रडायचे बाकी होते. ज्यानं मशीन जोडून दिलं त्यानं फसवलं असं मला वाटत नाही. मोठ्या दोन स्टिक टाकल्या की पुढं वाढवायला जागा राहते, हा डेस्कटॉपचा हिशेब त्यानं इथंही लावला. पण भुर्दंड बसला तो मालकांना. त्या दिवसापासून कोणीही कोटेशन दाखवलं की मी आधी रॅमची ओळ वाचतो.

तुम्ही दोन कोटेशन मागवा. पहिलं एएमडी एपिक ९१७५एफ चं. कोअर सोळाच, तुमच्या लायसन्सइतके. वेग ५ गिगाहर्ट्झपर्यंत, प्रोसेसरच्या आतली झटपट साठवण (कॅश) ५१२ एमबी आणि चॅनेल बारा. कोअरप्रमाणे लायसन्सचे पैसे मोजणाऱ्यांना हा प्रोसेसर फार सोयीचा आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा डीलर तो आपणहून क्वचितच सुचवतो, कारण ‘सोळा कोअर’ ऐकून गिऱ्हाईक तोंड फिरवतं. नाव सर्व्हरचं असलं तरी साध्या टॉवर कॅबिनेटमध्ये बसणारे बोर्ड मिळतात. रॅकमधला पातळ सर्व्हर घेऊ नका, त्याचे पंखे ऑफिसात बसू देणार नाहीत. दुसरं कोटेशन आठ चॅनेलच्या थ्रेडरिपर प्रोचं, पण २४ किंवा ३२ कोअरच्या मॉडेलचं. त्याच मालिकेतलं १६ कोअरचं मॉडेल स्वस्त पडतं, पण त्याच्या आत कोअर बसवलेल्या चकत्या, म्हणजे चिपचे तुकडे, दोनच आहेत, त्यामुळं आठही चॅनेलचा पूर्ण वेग कोअरपर्यंत पोचत नाही. दोन्ही कोटेशनवर डीलरकडून एक वाक्य लिहून घ्या: सर्व चॅनेल भरलेले असतील. बारा चॅनेल तर बारा स्टिक, आठ तर आठ. आणि रॅम सर्व्हरसाठीची, रजिस्टर्ड ईसीसी जातीची लागते, जुन्या मशीनची यात चालत नाही.

पैसे देण्याआधी आणखी एक करा. मुंबई आणि पुण्यात डेटा सेंटर असलेल्या मोठ्या क्लाउड सेवांवर असे बारा चॅनेलचे सर्व्हर तासाच्या भाड्यानं मिळतात. दोन-चार तासांचं भाडं भरून तुमचा रविवारचा जॉब तिथं सोळा कोअरवर लावून बघा. लायसन्स क्लाउडवर चालवायला परवानगी आहे का ते आधी विचारा, आणि ग्राहकाचं खरं ड्रॉइंग चढवू नका. गोपनीयतेच्या करारावर तुमच्या सह्या आहेत. तेवढ्याच मेशचा, म्हणजे गणिताच्या बिंदूंचं तेवढंच जाळं असलेला, एखादा स्वतः काढलेला पार्ट घ्या.

जुना सर्व्हर घेण्याचा मोह होऊ शकतो. आठ चॅनेलचे २०१९ ते २०२१ मधले सर्व्हर स्वस्तात मिळतात आणि तुमच्या आत्ताच्या मशीनच्या चौपट वेगानं ते रॅममधून आकडे आणतील. कर्ज अजिबात नको असेल तर हा मार्ग मी नाकारणार नाही. फक्त सुटा प्रोसेसर घेऊ नका, अख्खं मशीन चालू करून दाखवल्यावरच घ्या. काही ब्रँडेड सर्व्हरमधले एपिक प्रोसेसर त्याच ब्रँडच्या बोर्डाला कायमचे बांधलेले असतात, दुसऱ्या बोर्डावर ते जागेच होत नाहीत.

डीलरच्या घाईबद्दल. रॅमचे भाव वाढताहेत असं तो म्हणत असेल तर ते खरं आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅम फार महागली, कारण बनवणाऱ्या कंपन्यांचा मोठा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. तुमच्या नव्या कोटेशनमध्ये रॅमचीच ओळ प्रोसेसरच्या बरोबरीला आली तर दचकू नका. म्हणूनच ‘असू द्या जास्तीची’ म्हणून ५१२ जीबी घेऊ नका. लॉग फाइल सांगेल तेवढी, वर थोडी मोकळीक, बस. पण मार्चच्या आत घेतलं तर कर वाचेल, असं कारण तो देत असेल तर ते मला पटत नाही. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, मात्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्माच. मार्चमध्ये घेतलं तर यंदा निम्म्यावर भागवावं लागेल. सीएंना एकदा विचारा. माझ्या मते दोन आठवडे चाचणीला दिल्यानं तुमचं काही बिघडत नाही.

वर्षात जुनं होईल, ही दिरांची भीती मला समजते. कर्ज काढून घेतलेली वस्तू डोळ्यांदेखत जुनी झाली की घरात कुणालाच बरं वाटत नाही. पण नवा प्रोसेसर आला म्हणून तुमचा जॉब हळू चालायला लागत नाही. उलट अठरा तासांचं काम एका रात्रीत बसलं की आठवड्यात दोन जॉब जास्त निघतील, आणि हप्ता त्यातूनच भरला जायचा आहे.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी वाचलं ते बरोबर आहे. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा करणाऱ्या पुण्याच्या सीडॅकनंच ‘ओम’ नावाच्या प्रोसेसरचा आराखडा जाहीर केलाय, ९६ कोअरचा, आर्मच्या निओव्हर्स व्ही१ रचनेवरचा. त्याबद्दल मलाही मनापासून अभिमान आहे. पण तो महासंगणकांसाठी आहे, आणि तुमचा सॉल्व्हर इंटेल-एएमडीच्या जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेला आहे. सॉफ्टवेअर कंपनीनं आर्मसाठी वेगळी आवृत्ती काढली नाही तोवर ओमवर तो चालणार नाही. घरातलं कुणी लेकरू नांदेडला किंवा संभाजीनगरला इंजिनीअरिंग करत असेल तर त्याला मात्र या चिपबद्दल जरूर वाचायला सांगा.

शेवटी शेडबद्दल, कारण तुम्ही ते लिहिलं नाहीत आणि वाळूजमध्ये ते विचारावंच लागतं. ९१७५एफ ३२० वॅटचा प्रोसेसर आहे. मे महिन्यात पत्र्याखाली पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा तो तापला की स्वतःच वेग कमी करतो आणि जॉब लांबतो. त्याला छोटी बंद खोली आणि एसी लागेल, तो खर्च कर्जात धरा. तुमच्या ऑफिसच्या भिंतीपलीकडं कुणाचं लेथ किंवा ग्राइंडिंग असेल तर लोखंडाची भुकटी हवेतून येते आणि ती वीज वाहून नेते. बोर्डावर बसली तर मशीन जातं. खोलीला दाराखालची फटही ठेवू नका. वीज प्रेस आणि सीएनसीच्या लाइनवरून घेऊ नका, वेगळी लाइन ओढून ऑनलाइन यूपीएस लावा, दोन केव्हीएचा पुरेल. अठरावा तास चालू असताना व्होल्टेज पडून जॉब गेला, हे तुम्ही एकदा तरी भोगलं असणार.

तर रविवारी चारही रन होऊ द्या. वेळा लिहिलेला कागद मिस्टर, दीर आणि सासरे एकत्र बसतील तेव्हा मध्ये ठेवा आणि बोलणं त्याच कागदावर होऊ द्या. आठ आणि सोळाच्या वेळेत मोठा फरक आला, तर माझा अंदाज चुकला असं समजा आणि लॉग फाइलसकट मला परत लिहा. कोटेशन कसं बदलायचं ते पुन्हा बघू.